भांडण्याआधी टाकीत काठी बुडवा

पत्राचा गोषवारा

सोसायटीच्या कमिटीत पाण्याचं काम पाहणाऱ्या एका वाचक भगिनींचं हे पत्र. इमारतीला पाणी ठरावीक वेळीच येतं. मीटर सगळ्यांचा मिळून एक आणि बिल घरटी सारखं वाटलं जातं. बाई स्वतः भाजी धुतलेलं पाणी झाडांना घालतात, मुलांना शॉवर वापरू देत नाहीत, सासूबाई भांडी घासताना नळ सोडून ठेवतात म्हणून रोज कुरकुरतात. एवढं करून सोसायटीचा वापर वाढतोच आहे. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ दर रविवारी पाइप लावून गाडी धुतात. त्यांचा फोटो बाईंनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तेव्हापासून अबोला आहे आणि निम्मी इमारत त्यांच्या बाजूने आहे.

त्यातच नळाला सुरुवातीची दोन-चार मिनिटं पिवळसर पाणी येऊ लागलंय. आरओ, म्हणजे पाणी शुद्ध करायचं यंत्र, विकणारा एक विक्रेता घरी येऊन टीडीएस (पाण्यातल्या क्षारांचा आकडा) मोजून गेला. ४२० भरला. त्याने दोन कांड्या पाण्यात बुडवून पाणी तपकिरी करून दाखवलं. तेव्हापासून यजमान आरओ घ्यायचाच म्हणून अडून बसलेत. बाईंना आरओतून वाया जाणारं पाणी डोळ्यांपुढे दिसतं. त्या विचारतात: ‘आरओ घ्यावा का? बेजबाबदार लोकांना वठणीवर कसं आणावं? की हे काम सोडूनच द्यावं?’

उत्तर

तुमच्या पत्रात रविवारच्या गाडीवर दीड पान आहे आणि गच्चीवरच्या टाकीबद्दल एक ओळ: ‘टाकी कधीकधी वाहते, वॉचमनला सांगितलंय.’ मला ही एक ओळ जास्त महत्त्वाची वाटली.

गाडीचा हिशोब आधी मांडू. साध्या नळाला लावलेल्या पाइपातून मिनिटाला साधारण पंधरा लीटर पाणी जातं असं धरा. दहा मिनिटं पाइप चालू राहिला तर दीडशे लीटर. हे आठवड्यातून एकदा. उधळपट्टी आहेच, दोन बादल्या आणि एक फडकं यात गाडी लख्ख होते. पण सोसायटीचा वापर महिन्यामागून महिना वाढतोय तो या दीडशे लीटरमुळे, हे कशावरून ठरलं? ते गृहस्थ दिसतात, म्हणून. पाइप, फेस, उतारावरून वाहणारा ओघळ हे सगळं कोणाच्याही नजरेस पडतं. फ्लशच्या टाकीतून भांड्याच्या मागच्या बाजूने रात्रंदिवस झिरपणारं पाणी कोणाला दिसत नाही आणि त्याचा फोटोही निघत नाही.

म्हणून आधी एक रात्र द्या. गच्चीवरची टाकी भरून घ्या, पंप बंद करा. एक स्वच्छ, कोरडी काठी घ्या, तिला खडू फासा आणि सरळ टाकीच्या तळापर्यंत बुडवा. पाण्याखाली गेलेला खडू भिजून वेगळा दिसतो, तिथे पेन्सिलीने खूण करा. रात्री एकला एकदा, पहाटे चारला एकदा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तीन तासांत गेलेलं पाणी. समजा तुमची टाकी आतून तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद आहे. तिच्यात एक सेंटीमीटर पातळी उतरली की साठ लीटर गेले. पाच सेंटीमीटर उतरली तर तीनशे. रात्री कोणी उठलं असेल, फ्लश केला असेल, त्यापोटी शंभर लीटर सोडून द्या. उरले दोनशे. तीन तासांत दोनशे म्हणजे चोवीस तासांत सोळाशे लीटर, रोज. आता यापुढे ती रविवारची गाडी ठेवून बघा.

आकडे उदाहरणाचे आहेत, तुमची टाकी काय सांगते ते काठी सांगेल. पातळी जवळजवळ हललीच नाही तर गच्चीपासून घरांपर्यंतची बाजू ठीक आहे आणि दोष जमिनीखालच्या टाकीत किंवा लोकांच्या दिवसभराच्या वापरात आहे, हेही त्यातून कळतं. पण जुन्या इमारतीत खूण जागची न हलणं विरळा.

हाच प्रयोग जमिनीखालच्या टाकीवर करा, फक्त बाहेरून पाणी येणारा व्हॉल्व्ह आणि पंप दोन्ही बंद ठेवून. पातळी उतरली तर टाकीला तडा आहे. आणि पातळी चढली तर मात्र सगळी कामं बाजूला ठेवा. व्हॉल्व्ह नीट बंद होत असूनही पाणी वाढतंय, याचा अर्थ बाहेरचं पाणी भिंतीतून आत येतंय. ते आजूबाजूच्या ओल्या मातीतलं असेल, किंवा शेजारून जाणाऱ्या ड्रेनेजच्या लाइनीतलं असेल. तुम्ही पत्रात पाणी वाया जाणं आणि पाणी खराब येणं असे दोन वेगळे प्रश्न मांडलेत. ज्या फटीतून चांगलं पाणी बाहेर जातं, त्याच फटीतून घाण आत येते. तुमच्या पिवळ्या पाण्याची गोष्ट बहुधा हीच आहे. ठरावीक वेळी पाणी सोडलं की मधल्या वेळात रस्त्याखालच्या वाहिन्या रिकाम्या होतात, दाब उतरतो, आणि जोडांमधून, भेगांमधून आजूबाजूचं पाणी आत ओढलं जातं. पाणी सुटल्यावर पहिला लोंढा ते सगळं, शिवाय पाइपांतला गंज आणि गाळ, घेऊन येतो. म्हणून सोसायटीच्या मुख्य लाइनीला टाकीआधी एक तोटी बसवून घ्या. पहिली काही मिनिटं पाणी त्या तोटीतून पिंपात घ्या आणि पाणी नितळ झालं की टाकीकडे वळवा. पिंपातलं जिने धुवायला, फ्लशला चालेल.

घरोघरच्या फ्लशची परीक्षा तर मुलांवर सोपवण्यासारखी आहे. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे थोडे थेंब टाकायचे, पंधरा मिनिटं कोणी फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला की टाकीच्या तळाचं रबर गेलेलं आहे. टाकीतला फ्लोट फार वर लावलेला असेल तर पाणी मधल्या नळीच्या तोंडातून सतत आत सांडत राहतं, ते झाकण उघडल्यावर दिसतंच. असा एक फ्लश दिवसाला काही शे लीटर सहज गिळतो आणि घरच्यांना पत्ता नसतो, कारण आवाजाची सवय झालेली असते. ठिबकणाऱ्या नळाखाली तासभर मोजपात्र ठेवा आणि चोवीसने गुणा. लोकांना ‘थेंब थेंब वाचवा’ सांगून काही होत नाही. त्यांच्याच नळाचा लीटरचा आकडा हातात दिला की प्लंबरला फोन जातो.

आणि वाहणारी टाकी. वॉचमनला सांगून हा प्रश्न सुटत नाही, कारण तो एकाच वेळी गेटवर आणि गच्चीवर असू शकत नाही. फ्लोट व्हॉल्व्ह अडकतोय का ते बघा आणि टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारं यंत्र बसवा.

मग लोकांनी मन मानेल तसं पाणी वापरायचं का? तसं नाही. पण माणूस कशाने बदलतो हे तपासून पाहिलेलं आहे. अमेरिकेत २००४ मध्ये भाड्याच्या इमारतींची एक मोठी पाहणी झाली. जिथे प्रत्येक घराला स्वतःचा मीटर आणि त्याप्रमाणे बिल होतं, तिथला वापर भाड्यातच पाणीपट्टी धरणाऱ्या इमारतींपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी निघाला. जिथे बिल माणशी किंवा क्षेत्रफळाप्रमाणे वाटलं जात होतं, तिथे म्हणण्यासारखी बचत आढळली नाही. तुमची घरटी सारखी वाटणीही याच दुसऱ्या जातीची. मी नळ बंद केला काय आणि नाही केला काय, माझं बिल तेच. तेव्हा तुमचे शेजारी बेजबाबदार आहेत हे खरं असेलही, पण तुमची व्यवस्था त्यांना दुसरं काही व्हायला सांगतच नाही.

घरोघरी मीटर लावणं मात्र बोलण्याइतकं सोपं नाही. अनेक इमारतींत एका घराला स्वयंपाकघराची एक, न्हाणीघराची एक, संडासाची एक अशा वेगवेगळ्या उभ्या लाइनींतून पाणी येतं, म्हणजे घरामागे तीन-चार मीटर आले. पाइप बदलायचे असतील त्या वेळी हे काम सोबत करून घेणं शहाणपणाचं, एरवी खर्चावरून ठराव पडायची शक्यता जास्त. तोवर एक स्वस्त उपाय आहे. त्याच देशात जॉर्जिया राज्यातल्या एका काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) २००७ मध्ये लाखभर घरांवर प्रयोग झाला. काहींना फक्त पाणी वाचवण्याच्या युक्त्या पाठवल्या, काहींना त्यासोबत तुमचा वापर इतरांच्या तुलनेत किती हेही कळवलं. नुसत्या युक्त्यांनी फारसा फरक पडला नाही. तुलनेचं पत्र मिळालेल्या घरांचा वापर जवळपास ५ टक्क्यांनी उतरला आणि जास्त वापरणाऱ्यांवर परिणाम अधिक झाला. पुढे तो ओसरत गेला, हेही तितकंच खरं. या पत्रात फोटो नव्हता, शेजाऱ्याचं नाव नव्हतं, आणि ते ज्याचं त्याला गेलं होतं. तुम्ही जे केलंत ते नेमकं याच्या उलट होतं. चारचौघांत नाव घेतलं की माणूस पाण्याबद्दल विचार करत नाही, अब्रूबद्दल करतो.

तुमच्याकडे घरनिहाय आकडे नाहीत, पण सोसायटीचा मीटर आहे. दर महिन्याला एकूण वापर भागिले घरं भागिले दिवस, एवढा एकच आकडा मागच्या महिन्याच्या आकड्याशेजारी नोटीस बोर्डावर लावा. खाली काय दुरुस्त झालं त्याची एक ओळ. उपदेश नको.

आता आरओ. त्या कांड्यांचा खेळ आधी समजून घ्या, म्हणजे यजमानांशी बोलणं सोपं जाईल. त्या कांड्या धातूच्या असतात, त्यांतली एक लोखंडाची. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि त्याचा तपकिरी-हिरवट गाळ पाण्यात उतरतो. म्हणजे जी ‘घाण’ दिसली ती कांडीतून आली. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. पुढच्या वेळी विक्रेता आला की त्याच्याच आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा कांड्या बुडवायला सांगा.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज. मीटर खरं तर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतो. जंतू त्याला दिसत नाहीत. शिसं किंवा आर्सेनिक घातक ठरतील इतकं असलं तरी या आकड्यात हरवून जातं. जागतिक आरोग्य संघटनेने टीडीएसला आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. लीटरला ६०० मिलिग्रॅमच्या आत पाणी सहसा चवीला चांगलं लागतं आणि १००० च्या पुढे ते नकोसं होत जातं, एवढंच ती म्हणते. तुमचे ४२० चवीच्या हिशोबातही बसतात. उलट, २० टीडीएसचं पाणी जंतूंनी भरलेलं असू शकतं. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या ज्या हातपंपाने कॉलरा पसरवला, त्याचं पाणी लोकांना आवडायचं. तिथून राहायला गेलेल्या एका बाई मुद्दाम तेच पाणी मागवून प्यायच्या आणि त्यातच गेल्या. डॉ. जॉन स्नो यांनी त्या पंपाचा दांडा काढायला लावला तो चवीवरून किंवा रंगावरून नाही, कोण कुठलं पाणी पितं याची घरोघर चौकशी करून.

तर यजमानांची काळजी रास्त आहे, फक्त तिचा आधार चुकीचा आहे. पिवळं पाणी येतंय म्हणजे तपासणी हवीच. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करा आणि एकाच नळाचं पाणी देऊ नका. चार नमुने द्या: मुख्य लाइनीतून येणारं, जमिनीखालच्या टाकीतलं, गच्चीवरच्या टाकीतलं आणि स्वयंपाकघराच्या नळाचं. कुठल्या टप्प्यावर बिघडतं ते त्यातूनच कळेल. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळा निर्जंतुक बाटली देते. ती विसळू नका. तिच्या तळाशी पांढरी भुकटी दिसली तर ती क्लोरीन निष्प्रभ करण्यासाठी मुद्दाम घातलेली असते. विसळलीत तर नमुन्यातला क्लोरीन वाटेतच जंतू मारेल आणि अहवाल खोटा चांगला येईल. बाटलीच्या तोंडाला आतून बोट लावू नका, नमुना थंड ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा.

अहवालात बघायचं ते असं. ई. कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारे जंतू) १०० मिलिलीटरमध्ये एकही नको. नळाला मोकळा क्लोरीन लीटरला किमान ०.२ मिलिग्रॅम तरी हवा, तो शून्य असेल तर वाटेत काहीतरी त्याला खातंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणे लीटरला नायट्रेट ५०, फ्लोराइड १.५ आणि आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅमच्या आत. या शेवटच्या तिघांपैकी काही जास्त निघालं किंवा पाणी खरोखर खारट असलं, तर आरओ घ्या, आणि वाया जाणाऱ्या पाण्याची टोचणी लावून घेऊ नका. हे दोष उकळून जात नाहीत, पाणी आटल्याने उलट वाढतात. घरात बाटलीने दूध पिणारं बाळ असेल तर नायट्रेटच्या बाबतीत हयगय नको. पण दोष फक्त जंतूंचा असेल तर पाणी खळखळून उकळल्यावर एक मिनिट तसंच राहू देणं पुरतं (समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं), किंवा यूव्हीचं, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं यंत्र. यूव्हीला पाणी नितळ लागतं, गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आड लपतात.

आरओ घेतलाच तर एक लीटर पिण्याच्या पाण्यामागे तीन-चार लीटर बाहेर जातं असं धरून चाला, दाब कमी असेल तर जास्तच. बाहेर जाणारं पाणी लादी पुसायला, फ्लशला वापरा. कुंड्यांना रोज नको, क्षार साचतात. गाळण्या वेळेवर बदला. आरओ क्लोरीनही काढून टाकतो, त्यामुळे त्याच्या छोट्या टाकीत पाणी साचून राहिलं की जंतूंना तिथे मोकळं रान मिळतं.

माझा अंदाज विचाराल तर तुमचा दोष टाक्यांमध्ये सापडेल. शेवटची कधी धुतली होती हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा कोणाला आठवत नाही. गाळ काढून, भिंती घासून झाल्यावर टाकी भरा आणि दर हजार लीटरला ५ टक्क्यांचं साधं, बिनवासाचं ब्लीच एक लीटर घाला. रात्रभर तसंच ठेवा, घरच्या नळांना क्लोरीनचा वास येईपर्यंत ते सोडा, मग सगळं ड्रेनेजमध्ये काढून ताजं पाणी भरा. त्या रात्री नळाचं पाणी कोणीही वापरायचं नाही, हे प्रत्येक दारावर लिहून लावा. ब्लीचजवळ ॲसिड आणू नका, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो. आणि टाकीत एकट्या माणसाला उतरवू नका, वर एक जण हवाच. जाताजाता झाकण घट्ट बसतंय का, ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या तोंडाला जाळी आहे का ते बघा. पक्षी आणि उंदीर तिथूनच येतात.

ज्यांची विहीर किंवा बोअर स्वतःची आहे, त्यांच्यासाठी दोन आकडे. शोषखड्डा पाण्याच्या स्रोतापासून किमान ३० मीटर लांब हवा आणि त्याचा तळ भूजलाच्या पातळीच्या दीड मीटर तरी वर. मुरमाड किंवा भेगाळ जमिनीत याहून जास्त. उरलेली औषधं, रंग, थिनर, कीटकनाशकं मोरीत ओतू नका, हे सगळ्यांनाच. सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं ही रसायनं पूर्ण काढतील अशी बनवलेली नसतात.

सासूबाईंबद्दल. भांड्यांच्या नळाला एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळणारी जाळी, बसवा. जिथे मिनिटाला दहा-बारा लीटर पडत होतं तिथे सहाच्या आसपास पडेल आणि धार तेवढीच भरघोस वाटेल. त्यांची पद्धत बदलावी लागणार नाही, तुमचं रोजचं बोलणं थांबेल. बादली भरायच्या नळाला तो लावू नका, बादली तेवढीच भरणार, फक्त उशिरा. मुलांचा शॉवरही मोजून बघा. मिनिटाला नऊ-दहा लीटर धरले तर दोन मिनिटांचा शॉवर एका मोठ्या बादलीएवढाच होतो. घड्याळ लावून त्यांना तो द्यायला हरकत नाही.

काम सोडायचं की नाही, हे काठीची रात्र झाल्याशिवाय ठरवू नका. तो फोटो मात्र आजच ग्रुपवरून काढून टाका, खुलासा न लिहिता. नंतर त्या गृहस्थांच्या दारी स्वतः जा. फोटो टाकायला नको होता एवढं सांगा, गाडीचा विषय काढू नका. आणि टाकी मोजायला रात्री एक आणि पहाटे चार अशा दोन्ही वेळा गच्चीवर दोघं लागतात, याल का, म्हणून विचारा. नाही म्हणाले तर सोसायटीत पहाटे उठणारं दुसरं कोणीतरी असेलच.